दोन्ही बाजूंचे टिपुगडे सर

उन्मेष टिपुगडे सरांना स्वतःचं मत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नव्हतं. मतं त्यांच्याकडं भरपूर असत. पण ती सगळी दुसऱ्यांना द्यायची असत.

सर कॉलेजात मराठी शिकवत आणि वादविवाद मंडळ चालवत. वादविवाद स्पर्धेची रीत अशी, की प्रत्येक कॉलेजनं दोन स्पर्धक पाठवायचे. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. दोघांचे गुण एकत्र धरून फिरता करंडक मिळतो. म्हणजे कॉलेजला कुठलंही मत चालतं, फक्त दोन्ही लागतात. ही दोन्ही भाषणं गेली वीसेक वर्षं टिपुगडे सर लिहीत आले होते. शिवाजी पेठेतल्या घरी, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर. आधी अनुकूल. मग एक कप चहा. मग प्रतिकूल. मत बदलायला सरांना एक कप चहा पुरत असे.

‘भाषण स्पर्धकाने स्वतः तयार केलेले असावे’ असा नियम पत्रकात छापलेला असे. तो छापलेलाच असे. सगळ्या कॉलेजांतले सर आपापल्या मुलांना भाषणं लिहून देत आणि स्पर्धेच्या दिवशी चहाच्या टेबलाशी एकमेकांना सांगत, “यंदा मुलांनी स्वतःहून फार मेहनत घेतलीय बघा.”

यंदा इंगवले स्मृती करंडकाला विषय होता, ‘राजद्रोहाचा कायदा लोकशाहीला पोषक आहे’. जुनं कलम जाऊन नवं आलेलं, नंबर बदललेला, मथळ्यातला शब्दही बदललेला. पण संयोजकांना जुनाच शब्द सवयीचा होता. सरांनी रविवारी दोन्ही भाषणं लिहिली. सोमवारी मंडळातल्या दोघांना बोलावलं. तृतीय वर्षाची अंतरा देसाई गारगोटीची, पेठेत खोली घेऊन राहणारी. जिनेंद्र मगदूम इथलाच, वडिलांचं लोखंड-सिमेंटचं दुकान. कुणी कुठली बाजू घ्यायची हे सर नाणं उडवून ठरवत. नाणं उडालं. छापा. जिनेंद्र अनुकूल, अंतरा प्रतिकूल. देशातल्या एवढ्या मोठ्या प्रश्नावर दोघांची मतं अशी ठरली आणि दोघं पाठांतराला लागले.

स्पर्धेच्या दिवशी सर सभागृहात बसले नाहीत. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा ते पहिल्या रांगेत बसले होते आणि करंडक सांगलीला गेला होता. तेव्हापासून आपली मुलं बोलायला उठली, की सर बाहेर टपरीवर जाऊन उभे राहत. भाषण काय, त्यांना पाठच असे. आतून टाळ्या ऐकू आल्या की कुठल्या परिच्छेदावर आल्या हे ते घड्याळ बघून सांगत. त्या दिवशी अंतराच्या भाषणाला मध्येच मोठी टाळी पडली. सरांनी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली.

“सूर्य,” ते टपरीवाल्याला म्हणाले.

टपरीवाल्यानं वर बघितलं. ढगाळ होतं.

प्रतिकूल भाषणात त्या जागी सरांचं एक वाक्य होतं: ‘विचारांच्या सूर्याला कायद्याच्या बेड्या घालता येत नाहीत, जो हात बेडी घेऊन वर जातो, तो हातच भाजून निघतो.’ हे वाक्य त्यांनी दोनदा लिहून काढलं होतं. चहा गार झाला होता.

करंडक मिळाला. प्राचार्यांनी तो आपल्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं.

आठवड्याभरात अंतराच्या भाषणाचा पाऊण मिनिटाचा तुकडा मोबाइलवरून फिरू लागला. सरांना तो चाळीस जणांनी पाठवला. त्यांनी एकदाही उघडला नाही. आपणच लिहिलेलं आपण काय ऐकायचं? मग वर्तमानपत्रांत बातमी आली, ‘वादविवाद स्पर्धेत विद्यार्थिनीचे आक्षेपार्ह वक्तव्य’. वक्तव्य काय ते कुठंच नव्हतं, कारण ते आक्षेपार्ह होतं. त्यामुळं नेमकं काय बोललं गेलं हे बहुतेकांना माहीत नव्हतं आणि संताप मात्र सगळ्यांना आलेला होता. पेठेतल्या चौकात दोन म्हातारे त्यावरून भांडले, आणि भांडून झाल्यावर त्यातल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, “पण म्हटली काय ती पोरगी?”

तक्रार दिली होती धैर्यशीलनं. धैर्यशील सरांच्या पलीकडच्याच गल्लीतला. राष्ट्रनिष्ठ विचार मंचाचा संस्थापक अध्यक्ष. मंचाला अध्यक्ष होता, फलक होता, आणि सदस्य कार्यक्रमाप्रमाणे येत. पंधरा वर्षांपूर्वी तोही सरांच्याच मंडळात होता आणि प्रतिकूल बाजूनं बोलून त्यानं उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं. पोलिसांनी तक्रार अर्ज ठेवून घेतला. अजून गुन्हा दाखल नव्हता, चौकशी होती. माफीनामा आला तर अर्ज निकाली काढता येईल, नाहीतर कागद वर पाठवायला लागतील, असं फौजदारांनी अंतराला सांगितलं होतं. वर म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. अशा वेळी वर म्हणजे वरच असतं. आणि वरून ‘दाखल करा’ आलं, तर विसाव्या वर्षी तिच्या नावावर ते कलम लागणार होतं, जे लागल्यावर स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरताना एक चौकट कायमची ‘होय’ अशी भरावी लागते.

प्राचार्य बापूसो माने यांनी अंतराला आणि टिपुगडे सरांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माफीनामा टाइप करून तयार होता.

“हे बघ बाळ,” प्राचार्य म्हणाले, “कॉलेज तुझ्या पाठीशी ठामपणे उभं आहे. इथं सही कर.”

अंतरानं वाचलं. “यात ‘माझ्याकडून अनवधानाने’ असं लिहिलंय सर.”

“मग?”

“पाठ करून बोललेय मी. अनवधानानं कसं?”

“अगं, ती भाषा असते माफीची. माफीत कोण खरं लिहितं का?”

“आणि माफी मागू कशाची? बोलल्याची, का त्याला करंडक मिळाला त्याची?”

प्राचार्यांनी काचेच्या कपाटाकडं बघितलं. मग ते सरांकडं वळले. “टिपुगडे, तुम्ही बोला की. भाषण लिहिलं कुणी मुळात?”

अंतरा सरांकडं बघत होती. सर पेपरवेटकडं बघत होते.

“मुलंच लिहितात,” सर म्हणाले. “मी फक्त मार्गदर्शन करतो.”

वीस वर्षं ते हेच वाक्य म्हणत आले होते आणि आजवर त्याचा कुणाला उपद्रव झालेला नव्हता. अंतरानं मान खाली घातली, माफीनाम्याची घडी केली आणि तो प्राचार्यांच्या टेबलावर नीट परत ठेवला.

“मी घरी विचारून सांगते,” ती म्हणाली.

ती गेल्यावर प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, “बरं झालं तुम्ही तसं सांगितलंत. सरांनी लिहून दिलं असं कागदावर आलं असतं, तर करंडक परत करायला लागला असता हो!”

त्याच संध्याकाळी चौकात जिनेंद्रचा सत्कार होता. कायद्याच्या बाजूनं खणखणीत बोलणारा युवक म्हणून मंचानं त्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि भाषण पुन्हा करायला लावलं. सर गर्दीत मागं उभे होते. ‘ज्या झाडाच्या सावलीत बसायचं, त्याच्याच मुळावर घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीला विचारस्वातंत्र्य म्हणत नाहीत!’ जिनेंद्र म्हणाला आणि शिट्ट्या वाजल्या. हे वाक्य सरांनी चहाच्या अगोदर लिहिलेलं होतं. चहानंतरच्या वाक्याची पोलीस चौकशी करत होते.

भाषण संपल्यावर धैर्यशीलला सर दिसले. तो गर्दीतून वाट काढत आला आणि भर चौकात पाया पडला.

“सर! व्हय की न्हाय, पोरगं कसलं बोललं? एकदम तुमची आठवण आली बघा. झाड, मूळ, कुऱ्हाड. असं आता कोण लिहितंय?”

“हो,” सर म्हणाले. “चांगली तयारी केलीय त्यानं स्वतःहून.”

“आणि ती दुसरी! तुमच्याच हाताखालची, आणि काय तोंड एकेकाचं. तुम्ही काय करणार म्हणा.”

फेटा सावरत जिनेंद्र आला. धैर्यशील दुसऱ्या पाहुण्यांकडं वळल्यावर तो कुजबुजला, “सर, अजून तीन ठिकाणी बोलावलंय. एका ठिकाणी मिरवणूक हाय म्हणत्यात. मला पहिल्यापासून प्रतिकूलच पाहिजे होतं की हो. छापा पडला म्हणून गप बसलो.”

“मग आता सांग तसं.”

“फेटा बांधल्यावर कसं सांगायचं?” जिनेंद्र म्हणाला. “आणि अंतरा बोलंना झालीय माझ्याशी. म्हणती, तुझं काय बाबा, तुझा छापा.”

सर घरी आले. अरुणाताई, त्यांच्या पत्नी, हायस्कुलात गणित शिकवत. गणिताला एकच उत्तर असतं, याची त्यांना सवय होती. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली तरी नवऱ्याची त्यांना सवय झालेली नव्हती.

“आमटी करू का रस्सा?” त्यांनी विचारलं.

“तसं बघितलं तर दोन्हींना आपापली बाजू आहे.”

“बरं.” त्यांनी आमटी टाकली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, “त्या पोरीचं काय झालं?”

सरांनी सांगितलं. केबिनमधलंही सांगितलं. अरुणाताई पळी हातात घेऊन बाहेर आल्या.

“तुम्ही लिहिलंत ना ते?”

“लिहिलं.”

“मग तसं सांगितलं का नाही?”

“सांगावं असं एक मत आहे. पण दुसरीकडं संस्थेचा विचार केला तर…”

“अहो, एक विचारू? मतदानाला जाता तेव्हा आत काय करता हो तुम्ही?”

“ते गुप्त असतं.”

“तुमच्यापासूनसुद्धा?”

जेवून झाल्यावर सरांनी कपाटातून प्रतिकूल भाषणाची मूळ प्रत काढली आणि खिडकीशी बसून वाचली. सूर्यापाशी आले, थांबले. खरं सांगायचं, तर गेल्या काही दिवसांपासून सरांना भीतीच्या खाली, अगदी तळाशी, एक वेगळीच गोष्ट जाणवत होती. ती त्यांनी अरुणाताईंनाही सांगितली नव्हती. वीस वर्षं लिहिलं. चाळीसच्या वर भाषणं. टाळ्या मुलांच्या, करंडक कॉलेजचा. आणि आज त्यांच्या एका वाक्यानं सरकार हललं होतं. बेडी, सूर्य, भाजलेला हात. फौजदारांना ते खुपलं होतं. कुणाला तरी ते एवढं लागलं होतं!

“उद्या जातो ठाण्यात,” सर म्हणाले. “सांगतो, की वाक्य माझं आहे.”

“जावा,” अरुणाताई म्हणाल्या. “आणि इस्त्रीचा शर्ट घाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा अंतरा बाकावर बसलेली होती. शेजारी गारगोटीहून आलेले तिचे वडील, राजवीर देसाई, टोपी गुडघ्यावर ठेवून. समोरच्या खुर्चीत धैर्यशील. टेबलापलीकडं फौजदार आकाराम खोत, आणि त्यांच्या बाजूला जबाब लिहून घेणारा हवालदार, ज्ञानू.

“या सर,” फौजदार म्हणाले. “बसा. माफीनामा आणलासा काय?”

“नाही. मी एक निवेदन करायला आलोय.” सर बसले नाहीत. वीस वर्षं ते मुलांना उभं राहायला शिकवत होते. त्यांनी दोन्ही पाय नीट जुळवले. “ज्या वाक्याबद्दल ही चौकशी चालू आहे, ते या मुलीचं नाही. ते भाषण मी लिहिलं. ते वाक्य माझं आहे. जी काही कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी.”

अंतरानं चटकन वर बघितलं. “सर…”

“तू थांब.”

“सर, पण…”

“अंतरा, थांब म्हटलं ना.”

धैर्यशीलचं तोंड उघडंच राहिलं होतं. राजवीर देसाई उठून उभे राहिले आणि त्यांनी सरांना हात जोडले. सरांना फार बरं वाटलं. मूळ प्रत त्यांनी टेबलावर ठेवली.

फौजदारांनी चष्मा लावला. एका हातात सरांची प्रत धरली, दुसऱ्या हातात ज्ञानूनं क्लिप ऐकून उतरवलेला कागद, आणि ते ओळीला ओळ लावून वाचू लागले. बराच वेळ वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

“सर,” ते म्हणाले, “ह्यात न्हाय ते.”

“तिसऱ्या पानावर. विचारांच्या सूर्याला…”

“ते वाचलं की. सूर्याबद्दल आमच्याकडं तक्रार न्हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचं भाषण मी सगळं बघितलं. अगदी सभ्य हाय. कुठंच काय म्हटलेलं न्हाय बघा.” फौजदारांना हे कौतुकानं म्हणायचं होतं. “असं लिहिलं तर आमचं काम किती हलकं होईल.”

सर खुर्चीत बसले.

“मग वाक्य कुठलं?” त्यांनी विचारलं.

फौजदारांनी ज्ञानूला खूण केली. ज्ञानू घसा खाकरून, शाळेत धडा वाचतात तसा वाचू लागला. “‘देश हे आपलं घर आहे आणि सरकार हा भाडेकरू आहे. पाच वर्षांच्या कराराचा. भाडेकरूला म्हटलं, बाबा रे, नळ गळतोय, तर तो नळ दुरुस्त करत नाही; घरमालकानं घर फोडलं म्हणून पोलिसांत जातो. मी घर फोडत नाही. मी नळ दाखवते.’ पुढं कंसात टाळ्या.”

सरांनी आपलं तिसरं पान पुन्हा चाळून बघितलं.

“हे माझं आहे, सर,” अंतरा म्हणाली. “तेच सांगत होते. आमच्या गारगोटीच्या घरात भाडेकरू हायत. आई रोज असंच बोलती त्यांना. आदल्या दिवशी सुचलं, घातलं.”

“सूर्याच्या जागी?”

“सूर्य काढला मी.” तिला वाईट वाटत होतं, पण ती खरं बोलत होती. “सर, माझ्या आधी तिघांनी सूर्य घेतलाता. दोघांनी तर अनुकूलमध्ये घेतला.”

सरांनी टेबलावरच्या अर्जाकडं बघितलं. धैर्यशीलचा अर्ज उलटा पडलेला होता, पण तो वाचायला सरांना काही अडचण आली नाही. पहिलीच ओळ होती, ‘राष्ट्राच्या तळपत्या सूर्याला ग्रहण लावण्याचा हा कुटिल डाव असून…’ पंधरा वर्षांपूर्वी दिलेला सूर्य धैर्यशीलनं अजून जपून वापरला होता.

“तर आक्षेप नेमका काय?” सरांनी त्याला विचारलं. आवाज वर्गातला होता.

धैर्यशील सावरून बसला. “सर, तुम्ही मधी येऊ नका, तुमचा मान हाय आमाला. पण भाडेकरू म्हणायचं म्हणजे काय? आमी तीन पिढ्या भाडेकरू हाय. आज्यापास्नं त्याच वाड्यात. मालकानं कोरटात तीनदा हरून बघितलंय. कुणाच्या बापाची हिंमत हाय भाडेकरूला बाहेर काढायची? हा अपमान हाय.”

“कुणाचा?” फौजदारांनी विचारलं.

“आमचा!”

“अर्जात तर सरकारचा लिवलायसा.”

“त्यो बी हायच की.”

“तसं न्हवं पावणं. भाडेकरूंचा अपमान झाला असंल तर ते ह्या कलमात बसत न्हाय. त्याला दुसरीकडं जावं लागंल.”

“अवो, पण सरकारला कराराचं म्हटली ती! पाच वर्सांचं!”

“मग किती वर्सांचं हाय?” राजवीर देसाईंनी इतका वेळ गप्प बसून अगदी साधेपणानं विचारलं. धैर्यशील फौजदारांकडं बघू लागला.

फौजदारांनी चष्मा काढून पुसला. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि जुन्या कलमाचा नंबर पाठ असून नव्याचा दर वेळी बघायला लागत असे. “हे बघा,” ते म्हणाले, “मी काय ठरवणार न्हाय. कागद वर जाणार. पोरगी माफी मागत न्हाय?”

“न्हाय,” अंतरा म्हणाली.

“अर्ज मागं घेणार न्हाय?”

“न्हाय,” धैर्यशील म्हणाला, पण थोडा उशिरा.

“बरं. मग सर, तुमचं काम झालं. तुमच्या लिखाणात आक्षेपार्ह काय आढळून येत न्हाय, असं लिहून घेतो. सही करा आणि जावा. कॉलेजला बी तसं कळवतो.”

ज्ञानूनं तेवढं वाक्य लिहिलं आणि कागद सरांपुढं सरकवला. ‘लिखाणात आक्षेपार्ह काही आढळून येत नाही.’ वीस वर्षांच्या कामाचं सरकारी प्रमाणपत्र होतं ते. करंडक कपाटात राहणार होता. अंतरा एकटीच वर जाणार होती.

सरांनी पेन उघडलं. मग परत टोपण लावलं.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “तिच्या वाक्याबद्दल माझं मत तुम्ही विचारलं नाही.”

“तुमचं मत?” फौजदार म्हणाले. “ते कशाला?”

“वर जाणाऱ्या कागदात असावं.”

“असू दे की सर, उगा कशाला…” धैर्यशील म्हणाला. आता त्याच्या आवाजात काळजी होती.

फौजदारांनी सरांकडं नीट निरखून बघितलं, पोलीस माणूस बघतो तसं. “बघा हं. ते लिहिलं तर अर्जात तुमचं बी नाव घालायला लागंल मला. दोन नंबरला.”

“घाला.”

“आणि भाषण तुमी लिहून दिलं ते बी येणार. करंडकाचं काय ते हाय म्हणं.”

“येऊ द्या.”

“बरं. काय मत हाय?”

“या प्रश्नाला तशा दोन बाजू…” सरांच्या तोंडून निघून गेलं. जिभेलाच ते वळण होतं. ज्ञानूनं लिहायला घेतलेलं पेन हवेतच थांबलं.

“सर, एकच सांगा,” फौजदार म्हणाले. “खाली जागा कमी हाय.”

सर उठून उभे राहिले. पाय जुळवले. मग काय वाटलं कोण जाणे, पाय मोकळे सोडले. हात कुठं ठेवायचे हे त्यांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. आता ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी ते खिशात घातले.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले. “मला ते सुचायला पाहिजे होतं, सुचलं नाही. मी वीस वर्षं सूर्य लिहीत बसलो. सरकार भाडेकरू आहे हे ज्याला सहन होत नाही, त्यानं घरमालक होऊन बघावं. या मुलीनं माफी मागू नये. पुढच्या वर्षी याच विषयावर मला बोलायची वेळ आली तर मी प्रतिकूल बोलेन, नाणं न उडवता. आणि राजद्रोह म्हणजे काय याबद्दल माझं मत असं आहे, की…”

इथं ते सवयीनं थांबले. स्पर्धेत चार मिनिटांना पहिली घंटा होते आणि पाचव्याला दुसरी. दुसरीनंतर बोललेलं धरत नाहीत. सरांची सगळी भाषणं घंटेच्या मापानं शिवलेली असत. ते कान देऊन उभे राहिले. पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजून थांबला. घंटा काही झाली नाही.

मग ते पुढं बोलू लागले. त्यांना बरंच बोलायचं होतं, हे त्यांनाही बोलताना कळत होतं. अंतरा तोंडावर हात धरून ऐकत होती. धैर्यशीलनं मोबाइल काढला होता, पण रेकॉर्ड करायचं विसरून तो नुसताच बघत होता. एका ठिकाणी तर त्याचा हात टाळी द्यायला उचलला गेला आणि त्यानं तो मानेवरून फिरवला.

ज्ञानूनं एक पान संपवलं, दुसरं घेतलं, घामेजलेला तळवा पँटला पुसला.

“सर,” तो काकुळतीला येऊन म्हणाला, “जरा सावकाश बोला की. सगळं लिहून घ्यायचं हाय.”